आठ अंशांची रेघ

स्लीपिंग बॅग विकत घ्यायला निघालात की लेबलवर तीन आकडे दिसतात. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. बऱ्याच जणांना वाटतं, कंपनीनं अंदाजपंचे काहीतरी लिहिलं असेल. अगदी स्वस्त बॅगांच्या बाबतीत ते खरंही असू शकतं. त्यांच्यावर एकच आकडा असतो आणि तो नेमका कशाचा, हे दुकानदारालाही माहीत नसतं. पण चांगल्या बॅगांवरच्या आकड्यांमागे एक मानक आहे. युरोपात ते २००२ साली ‘ईएन १३५३७’ या नावानं आलं, आता ‘आयएसओ २३५३७’ म्हणून चालतं. त्यासाठी थंडगार खोलीत एक पुतळा झोपवतात. पुतळ्याच्या आत हीटर असतात, अंगावर पातळ कपडे, पायात मोजे आणि खाली मॅट. त्याच्या अंगातली उष्णता किती वेगानं जाते हे मोजायचं आणि त्यावरून हिशेब मांडायचा. कम्फर्ट म्हणजे एक ‘प्रमाण स्त्री’ अंग सैल सोडून निवांत झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे एक ‘प्रमाण पुरुष’ अंग आखडून, पण आठ तास न उठता झोपेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे ती स्त्री सहा तास कसेबसे काढेल, गारठून मरणार नाही, एवढंच. हातापायांना इजा होणार नाही याची हमी त्यात नाही.

ही प्रमाण स्त्री २५ वर्षांची आहे. उंची १६० सेंटिमीटर, वजन ६० किलो.

मी २६ वर्षांची आहे. उंची तेवढीच, वजन दोन किलो कमी. कागदावर पाहिलं तर ती बाई म्हणजे जवळजवळ मीच. फरक एवढाच की २१व्या वर्षी मला ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस झाला. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात, आणि ते नाव ऐकलं की लोक पहिल्यांदा माझं वय विचारतात. गुडघे झिजून होणारा म्हातारपणीचा संधिवात वेगळा. यात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटीहून जास्त होतो आणि तरुणपणीही होतो. औषधं चालू आहेत, आजार आटोक्यात आहे, मी नोकरी करते, स्कूटी चालवते. पण सकाळी उठल्यावर बोटांची मूठ वळायला मला तासभर लागतो. थंडीमुळे हा आजार होत नाही. मात्र रात्रभर कुडकुडत, अंग आवळून झोपले की त्या एका तासाचे दोन होतात. आणि पाठीवर सहा किलोंपेक्षा जास्त वजन घ्यायचं नाही, असं माझ्या फिजिओथेरपिस्टनं सांगून ठेवलंय.

डिसेंबरच्या शेवटी आम्ही चौघं जळगावहून यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी दोन रात्री राहायला जाणार आहोत. हॉटेल नाही, पैसे भरून मिळणारा ‘टेंट स्टे’ नाही. बसमधून उतरायचं, साताठ किलोमीटर चालायचं, उघड्यावर तंबू ठोकायचा. म्हणून मला हलकी, परवडणारी आणि पुरेशी उबदार बॅग हवी होती. शोधायला लागल्यावर लक्षात आलं की हलकी, स्वस्त आणि उबदार यांतल्या दोनच गोष्टी एकत्र मिळतात. तिसरीची किंमत कुठून तरी भरावी लागते: खिशातून, पाठीतून किंवा झोपेतून. आणि सोबतची माणसं असतील तर त्यांच्या पाठीतूनही. तिथून हा प्रश्न खरेदीचा राहिला नाही. माझ्या शरीराला जेवढं लागतं तेवढं मागायचा मला हक्क आहे का, आणि मागितलं तर त्याचं ओझं कुणी उचलायचं?

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी एक खुलासा करते. ‘जळगावला स्लीपिंग बॅग?’ असं हसून विचारणारे खूप भेटतात, कारण त्यांना आमचा मे महिना माहीत असतो. भुसावळ-जळगावात पारा ४५च्या पुढे जातो हे खरंच. पण त्याच खान्देशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री एक आकडी तापमानाच्या असतात. थंडीची लाट आली की राज्यातलं सर्वांत कमी तापमान कुणाचं, या शर्यतीत निफाडच्या बरोबरीनं धुळ्याचं नाव पेपरात येतं. काही वर्षी धुळ्याचा पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. मे आणि जानेवारी यांच्यात ४० अंशांचा फरक असलेल्या मुलखात आम्ही राहतो. बाहेर झोपणं तर आमच्या अंगवळणी पडलेलं. उन्हाळ्यात अख्खं जळगाव गच्चीवर झोपायचं, अजूनही काही गल्ल्यांमध्ये झोपतं. फक्त हिवाळ्यात हौसेनं बाहेर झोपायची कल्पना नवीन आहे.

आता केळीकडे येते, कारण या प्रश्नाचं पहिलं धड उत्तर मला केळीच्या बागेत मिळालं.

रावेर-यावलकडे थंडी वाढली की केळीला ‘चरका’ बसतो. केळी उष्ण प्रदेशातलं पीक आहे. तापमान फार उतरलं की पानं निघायची मंदावतात, घड अडकतो, फळाच्या सालीचा रंग मळकट होतो, माल विकला जात नाही. मग शेतकरी काय करतात? रात्री बागेत काडीकचरा पेटवून धूर करतात. पहाटे विहिरीचं पाणी सोडतात, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. वारा अडवायला बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावलेलं असतं. आणि घडावर पिशवी चढवतात, तिला ‘स्कर्टिंग बॅग’ म्हणतात. म्हणजे सरळ सांगायचं तर केळीच्या घडाला स्लीपिंग बॅग मिळते.

याहून गमतीची गोष्ट सरकारी कागदात आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी थंडीची एक रेघ आखलेली आहे. हिवाळ्याच्या ठरावीक काळात किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंशांच्या खाली राहिलं, तर शेतकरी भरपाईला पात्र ठरतो. विम्याचे पैसे वेळेवर मिळतात का, हवामान केंद्र बागेपासून किती लांब आहे, यावर चिक्कार भांडणं होतात. ती व्हायलाच हवीत. पण ८ अंशांना केळीला त्रास होतो, या मुद्द्यावर कुणी भांडत नाही. केळीनं सवय करायला हवी, इच्छाशक्ती वाढवायला हवी, नाशिकची द्राक्षं बघ कशी राहतात, असं तिला कुणी ऐकवत नाही. ती आळशी आहे असं कुणाला वाटत नाही. तिची सहनशक्ती ही तिच्याबद्दलची माहिती आहे, आणि त्या माहितीप्रमाणे सगळे कामाला लागतात.

माणसाचं मात्र तसं होत नाही. मला थंडी सोसत नाही म्हटलं की तो माझा स्वभाव ठरतो. ‘नाजूक आहे’, ‘लाडावलेली आहे’, ‘मनावर घेतलं तर होतं सगळं’. आजार दिसत नसेल तर आणखीच. हातात काठी नाही, डोक्यावरचे केस शाबूत आहेत, इन्स्टावर फोटो हसरे आहेत, मग कसला आजार? आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की हे ऐकून ऐकून आपणही आपल्या आकड्याबद्दल खोटं बोलायला लागतो. ‘चालेल मला साधी बॅग, एवढी काही थंडी नसते.’ ट्रेकच्या ग्रुपमध्ये हे वाक्य टाईप करायला मला दोन सेकंद लागले असते. सगळ्यांना हायसं वाटलं असतं. मी ते टाईप केलं नाही, पण बोट तिकडे गेलं होतं.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो हलका नाही. माणूस केळी नाही. केळी जागची हलू शकत नाही, शिकू शकत नाही, ठरवू शकत नाही. माणूस सवय करून घेतो, सोसतो, स्वतःला घडवतो. सोसण्याची क्षमता वाढवणं हा माणूसपणाचा मोठा भाग आहे. आणि मुळात ऊब हवी असेल तर घरी झोपावं की! बाहेर जायचं ते थोडी गैरसोय अनुभवायलाच ना?

हा आक्षेप आमच्या मुलखात फार जुना आणि फार आदरणीय आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. सोबत कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हातात आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ती सोसावीत, असा उपदेश आहे. त्या सोसण्याला तितिक्षा म्हणतात. आमच्याकडे कुणी शाल मागितली की हा शब्द न उच्चारता हीच कल्पना डोक्यावर मारली जाते. पण त्याच गीतेचा सहावा अध्याय लोक सोयीनं विसरतात. तिथं ध्यानाला बसणाऱ्यानं आसन कसं घालावं हे सांगितलंय: गवताचा, कातड्याचा आणि कापडाचा थर. शिवाय फार जागणाऱ्याला आणि फार उपाशी राहणाऱ्याला योग साधत नाही, अशी स्पष्ट सूचना आहे. म्हणजे बसायचं असेल तर आधी खालून येणारी थंडी अडवा. आजच्या भाषेत सांगायचं तर मॅट घ्या.

विनोबांच्याच आयुष्यात हे दोन्ही अध्याय एकमेकांसमोर आलेले दिसतात. पोटाचा जुना विकार असलेला हा माणूस १९५१पासून भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी चालला. त्यांच्याइतकं सोसणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पण डिसेंबर १९५२मध्ये बिहारमधल्या चांडिलला त्यांना जबर मलेरिया झाला, तेव्हा सुरुवातीला त्यांनी औषध घ्यायला नकार दिला. आजूबाजूची माणसं हवालदिल झाली आणि अखेर सगळ्यांच्या आग्रहापुढे त्यांनी औषध घेतलं. मला त्या नकारापेक्षा नंतरचं औषध घेणं जास्त मोठं वाटतं. कारण सोसणाऱ्याला वाटत असतं की आपण एकटेच सोसतोय. उशाशी बसून जागणारी माणसं त्याच्या हिशेबात नसतात.

तितिक्षेबद्दल माझं मत असं झालंय की जी थंडी टाळता येत नाही तिच्यासाठी ती आहे. बस चुकली, पाऊस आला, पारा अंदाजापेक्षा तीन अंश खाली गेला, तर कुरकुर न करता रात्र काढायची. पण घरी बसून, पंधरा दिवस आधी, डोळ्यांसमोर आकडा दिसत असताना अपुरी बॅग निवडणं याला तितिक्षा म्हणता येत नाही. त्यात पहाटे तीन वाजता तिघा मित्रांना जागं करण्याचा बेत आधीच ठरलेला असतो.

याच वळणावर लोक उदाहरणं देतात. ट्रेकिंगच्या जगातलं लाडकं उदाहरण म्हणजे एमा गेटवूड. अकरा मुलांची आई असलेली ही अमेरिकन बाई १९५५ साली, ६७व्या वर्षी, साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपासची ॲपलाशियन ट्रेल एकटी चालली. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पांघरायला ब्लँकेट, पावसासाठी बाथरूमचा पडदा. स्लीपिंग बॅग नव्हतीच. मला ती फार आवडते. पण ‘६७ वर्षांची बाई करू शकते, तर तू का नाही?’ हा प्रश्न विचारणारा माणूस एमाचा सन्मान करत नसतो, तिची छडी करत असतो. एमाचं शरीर ६७ वर्षांचं होतं, पण ते तिच्या विरोधात गेलेलं नव्हतं. वय आणि आजार यांची बेरीज-वजाबाकी अशी सरसकट होत नाही.

तिच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिनं तिच्यापुरता विचार केला. दुकानात काय मिळतं यापेक्षा आपल्याला काय लागतं इथून ती निघाली. पुढे १९९०च्या दशकात रे जार्डिन नावाच्या गिर्यारोहकानं वजन कमी करण्याचं शास्त्रच मांडलं, तेव्हा त्यानंही स्लीपिंग बॅगचा खालचा भाग काढून टाकला. युक्तिवाद साधा होता: अंगाखाली दाबला गेलेला भराव ऊब देत नाही, मग तो उचलायचा कशाला? खाली मॅट, वर पांघरूण, बस. त्याला तिकडे ‘क्विल्ट’ म्हणतात आणि आता ते महागडं, चकचकीत सामान झालंय. माझी धुळ्याची आजी याला गोधडी म्हणते. तिला मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, “माय, तुले थंडी वाजस का?” वाजते म्हटलं. मग तिनं दोन जुन्या नऊवारींची गोधडी काढून दिली. वजन केलं, पावणेतीन किलो. उबेला तोड नाही, पण माझ्या सहा किलोंतली जवळजवळ निम्मी जागा तिनंच खाल्ली असती.

*

आता माझा आकडा मी कसा काढला ते सांगते, कारण इथे तत्त्वज्ञान कमी आणि गच्ची जास्त कामाला आली. मित्राची बॅग उसनी आणली. तिचं कम्फर्ट १० अंश होतं. खाली फोमची मॅट घालून नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या गच्चीवर झोपले, शेजारी थर्मामीटर. रात्री १५ अंश होते तेव्हा छान झोप लागली. पुढच्या आठवड्यात १२ झाले आणि मी तीन वाजता उठून बसले, बोटं दुखत होती. आणखी दोन रात्री करून पाहिलं, तोच अनुभव. म्हणजे लेबलवरच्या बाईपेक्षा मला चार-पाच अंश जास्त लागतात. सातपुड्याच्या पायथ्याला ८-९ अंश धरले, तर मला कम्फर्ट ४-५ची बॅग हवी. लिमिट नाही, कम्फर्ट. दुकानात बऱ्याचदा मोठ्या अक्षरात लिमिटचाच आकडा दाखवतात, कारण तो जास्त थंड आणि म्हणून जास्त मर्दानी वाटतो.

दुसरी गोष्ट ऊब खालून जाते ही. गवतावर असो की मुरुमावर, जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत असते. त्यामुळे कमी पैसे असतील तर बॅगेपेक्षा आधी मॅटवर खर्च करा. मॅटची ऊब अडवायची ताकद ‘आर-व्हॅल्यू’मध्ये मोजतात आणि एकावर एक दोन मॅट टाकल्या तर ती सरळ बेरीज होते. दोन साध्या फोमच्या मॅट एकत्र केल्या तर काही हजारांच्या एका मॅटच्या जवळपास पोचता येतं. कंबर आणि खांदा टोचत नाही हा वरचा फायदा.

तिसरी गोष्ट कुठल्याच परीक्षणात मला वाचायला मिळाली नाही, कारण परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या बोटांना ती लागत नाही. चेन. पहाटे सुजलेल्या बोटांनी बॅगेची बारीक चेन ओढता येते का? मी दुकानात जमिनीवर बॅग पसरून आत झोपले, हातमोजे घालून चेन आतून उघडून पाहिली. दुकानदार बघत राहिला, बघू दे. शवपेटीसारखी चिंचोळी ‘ममी’ बॅग सर्वांत हलकी आणि उबदार असते, पण तिच्यात मला कूस बदलता येत नाही आणि खांदे आवळून घ्यावे लागतात. म्हणून थोडी रुंद घेतली. त्यासाठी दोनशे ग्रॅम जास्त मोजले. चेनला जाड दोरीचा फास बांधला. आणि बॅग कोंबायची जी छोटी पिशवी सोबत येते ती सरळ बाजूला ठेवली. तिच्यात बॅग भरायची म्हणजे पाच मिनिटांची कुस्ती, आणि तीही सकाळी, माझ्या सगळ्यात वाईट तासात. मोठी सुती पिशवी शिवून घेतली, त्यात नुसती ढकलली की काम झालं.

भराव कुठला घ्यायचा, हा एरवी मोठा नैतिक वाद आहे. बदक आणि हंसांच्या पिसांच्या खालचं मऊ ‘डाउन’ सर्वांत हलकं आणि उबदार. त्यातलं बरंचसं मांसाच्या धंद्यातून उरलेलं असतं, पण जिवंत पक्ष्यांची पिसं उपटण्याचे प्रकारही उघड झाले. त्यानंतर २०१४ साली ‘रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड’ आलं. आमच्या चौघांत एक जैन घरातला आहे, त्याच्यासाठी प्रश्नच नव्हता. माझ्यासाठी तो किमतीनं सोडवला. मी पाहिलेल्या डाउनच्या बॅगा बारा हजारांच्या पुढे होत्या. माझ्या महिन्याच्या औषधांना आणि रक्ताच्या तपासण्यांना आधी पैसे लागतात. त्यामुळे सिंथेटिक घेतली म्हणून मी अहिंसक झाले, असं म्हणवून घेणार नाही. परवडत असतं तर काय केलं असतं हे मला खरंच ठरवावं लागलं असतं. सिंथेटिकचा एक गुण मात्र पक्का. दवानं ओलसर झाली तरी ती बऱ्यापैकी ऊब धरते, डाउन भिजलं की बसतं.

शेवटी जमलं ते असं. कम्फर्ट ५ अंशांची सिंथेटिक बॅग, एक किलो सहाशे ग्रॅम, पाच हजारांच्या आत. आत घालायला गल्लीतल्या शिंप्याकडून फ्लीसच्या ब्लँकेटचं शिवून घेतलेलं अस्तर, साडेतीनशे ग्रॅम. झोपताना गरम पाणी भरून, मोज्यात गुंडाळून पायाशी ठेवायला स्टीलची बाटली, जी एरवीही नेणारच होते. आणि दोन मॅट. हे सगळं, कपडे, औषधं आणि पाणी धरलं की सहा किलो उलटून जातात. नेमकी एका मॅटनं आणि माझ्या वाटच्या तंबूच्या भागानं.

म्हणजे ओझं कुणीतरी उचलायला हवंच.

माझा एक मित्र म्हणाला, दे की मग, एवढं काय. त्याला ते सोपं होतं. मला घ्यायला जड गेलं. वर्षभर लोकांकडून डबा उघडून घे, नळ फिरवून घे, यात आधीच उपकारांचं एक खातं चालू असतं. त्यात आणखी नोंद नको वाटते. म्हणून अनेक आजारी माणसं जाणंच टाळतात आणि त्याला स्वाभिमान म्हणतात. मीही दोन वर्षं तेच म्हणत होते आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण मग मला आमच्या मुक्ताबाईची वारी आठवते. मुक्ताईनगरहून निघणारी पालखी महिनाभराहून जास्त चालून पंढरपूरला पोचते. मानाच्या पालख्यांमध्ये सर्वांत लांबून येणाऱ्यांपैकी ती एक. दिंडीतली बहुतेक माणसं पिशवी, अंथरूण-पांघरूण ट्रकमध्ये टाकतात आणि हातात टाळ घेऊन चालतात. कुणी तुळस डोक्यावर घेतं, कुणी वीणा, कुणी पुढे जाऊन स्वयंपाकाचं बघतं. ज्याचं सामान ट्रकमध्ये आहे त्याची वारी अर्धी झाली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तिथं वजनाची समान वाटणी नसते, कामाची वाटणी असते. आणि माणूस शेवटी पोचला का, एवढंच बघतात.

आपल्या ट्रेकिंगमध्ये मात्र प्रत्येकानं आपापलं सगळं स्वतःच्या पाठीवर वाहायचं, हा जवळजवळ धर्म आहे. तो तगड्या माणसांनी तगड्या माणसांसाठी केलेला आहे. त्यात न्याय आहे, नाही असं नाही. फुकट्यांना तो आवर घालतो. पण समान वजन आणि समान वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा किलो सहज नेणाऱ्याचा वाटा आणि सहा किलोंत थकणाऱ्याचा वाटा तागडीवर मोजून सारखा करता येत नाही. मी ग्रुपवर सरळ लिहिलं: माझी एक मॅट आणि तंबूचे खांब दुसऱ्यानं घ्यायचे आहेत. सकाळी नऊच्या आधी मी आवराआवरीला उपयोगाची नाही. पाऊण तासाला पाच मिनिटं थांबायचं. संध्याकाळचा स्वयंपाक मी करीन, परवानगीचं आणि गाड्यांच्या वेळांचं मी बघीन. यात विनंती होती, पण माफी नव्हती. ‘ओके’ असे तीन अंगठे आले. ज्याला मॅट न्यायची होती त्यानं विचारलं, भरीत करशील का? करीन म्हटलं.

परवानगीचं मी घेतलं ते उगाच नाही. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्यानं जबाबदारीनं कुठेही तंबू ठोकायचा हक्क माणसाला दिला. नॉर्वे-स्वीडनमध्ये ती परंपरा त्याहून जुनी. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर रात्र काढायचा हक्क आहे की नाही, हे प्रकरण २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल तंबूवाल्यांच्या बाजूनं लागला. आपल्याकडे असा हक्क नाही. यावल अभयारण्य असो की चाळीसगावजवळचं गौताळा, आत रात्री मनानं राहता येत नाही. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे आणि तो असायलाही हवा. त्यामुळे आमचं ‘वाइल्ड’ कॅम्पिंग म्हणजे अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मैत्रिणीच्या काकांच्या शेताच्या बांधाला.

काकांना फोन केला. खालच्या अंगाला केळी, वर गहू. मी विचारलं, रात्री तिकडे कुणी असतं का? ते म्हणाले, मी असतो. शेतीची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी आहे. मोटर चालू झाली की गव्हाला पाणी भरायला ते अनवाणी पायांनी चिखलात उभे असणार, वय ५८, दोन स्वेटर आणि कानटोपी. दिवसा वीज द्या ही मागणी फार जुनी आहे, सौर वाहिन्यांची योजनाही आली, त्यांच्या गावापर्यंत अजून पोचायची आहे. मी हौसेनं जी थंडी विकत घ्यायला निघालेय ती त्यांना दर हिवाळ्यात फुकट मिळते. केळीसाठी ८ अंशांची रेघ कागदावर आहे. गव्हात उभ्या माणसासाठी असली काही रेघ आहे का, असं मी त्यांना विचारलं नाही. ते काय म्हणतील याचा अंदाज होता.

त्यांनीच उलट विचारलं, तुला तो हातापायांचा त्रास आहे ना, जमेल का बाहेर? मी म्हटलं, बॅग घेतलीय चांगली. मग त्यांनी तंबू कुठे ठोकायचा ते सांगितलं. वीज १२ वाजता येते, पाणी उतारानं खाली येतं, त्यामुळे चारीच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली. तिथं जमीनही कोरडी असते. आणि शेकोटी तेच पेटवून ठेवणार आहेत.